घरकर्जासाठी जमीन दोघांच्या नावावर करताना खर्च किती येतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लॉट एकाच्या नावावर आहे, घर दोघांना बांधायचं आहे आणि कर्जही दोघांच्या पगारावर काढायचं आहे, अशा जोडप्यांसाठी ही प्रश्नोत्तरं लिहिली आहेत. नियम महाराष्ट्रातले आहेत. मुद्रांकाचे दर मधूनमधून बदलतात, म्हणून चलन भरण्याआधी आपल्या दुय्यम निबंधक कार्यालयात त्या दिवशीचा आकडा एकदा पडताळून घ्यावा.

प्रश्न: जमिनीवर पत्नीचं नाव लावल्याशिवाय बँक दोघांना मिळून कर्ज देत नाही, हे खरं आहे का?

बहुतेक वेळा खरं नसतं, आणि याच गैरसमजापायी लोकांचे हजारो रुपये जातात. बँकांचा सर्वसाधारण नियम असा असतो की जमिनीचा जो मालक, तो कर्जात हवाच. पण कर्जात असलेला प्रत्येकजण मालक असलाच पाहिजे, असं नसतं. जमीन नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असली तरी पत्नी सहअर्जदार होऊ शकते, तिचा पगार हिशेबात धरला जातो आणि कर्जाची रक्कम वाढते. त्यासाठी जमिनीच्या कागदाला हात लावावा लागत नाही.

म्हणून पहिली पायरी वकिलाकडे किंवा अर्जनवीसाकडे नाही, बँकेत. ‘सहअर्जदार म्हणून नाव पुरेल, की सहमालक व्हावंच लागेल?’ हा प्रश्न ईमेलवर विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. कर्ज मिळवून देणारा एजंट तोंडी काय सांगतो त्यावर बक्षीसपत्र, म्हणजे विनामोबदला हिस्सा देण्याचा दस्त, करू नका. सहमालक व्हायलाच हवं असं बँकेने कळवलं, किंवा दोघांना आयकराची वजावट घ्यायची असेल, किंवा मुळात तुम्हालाच जमीन दोघांची व्हावी असं मनापासून वाटत असेल, तरच पुढचा खर्च करण्यात अर्थ आहे.

प्रश्न: आमची जमीन अजून घ्यायची आहे. मग?

मग सगळ्यात स्वस्त वाट तुमच्याच हातात आहे. खरेदीखतातच दोघांची नावं घाला. खरेदीदार एक असो वा दोन, मुद्रांक शुल्क जमिनीच्या किमतीवर लागतं, माणसांच्या संख्येवर नाही. साठेखत, म्हणजे खरेदीखताआधीचा विक्रीचा करार, होण्याआधीच हे ठरवा, कारण साठेखत एकाच्या नावावर आणि खरेदीखत दोघांच्या नावावर असं झालं की निबंधकापुढे नवे प्रश्न उभे राहतात.

महिलांना मुद्रांकात मिळणारी १ टक्क्याची सवलत इथे आठवत असेल, तर दोन गोष्टी ध्यानात घ्या. ती निवासी घराच्या खरेदीला आहे, मोकळ्या प्लॉटला नाही. आणि खरेदीदार फक्त महिला असतील तरच मिळते. नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते.

प्रश्न: जमीन आधीच एकाच्या नावावर आहे. दुसऱ्याचं नाव कोणत्या दस्ताने लागतं?

पती-पत्नींमध्ये सहसा बक्षीसपत्राने. आपल्या हिश्शातला ठरावीक अविभक्त हिस्सा दुसऱ्याला विनामोबदला द्यायचा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ प्रमाणे स्थावर मिळकतीचं बक्षीसपत्र नोंदवलेलंच लागतं, देणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार लागतात, आणि घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारावं लागतं.

खरेदीखतही करता येतं, पण त्याला पूर्ण मुद्रांक लागतो आणि विकणाऱ्याच्या भांडवली नफ्याचा प्रश्न येतो. घरातल्या घरात सहसा कोणी त्या वाटेला जात नाही.

हक्कसोडपत्राबद्दल थोडं स्पष्ट सांगायला हवं, कारण ‘हक्कसोड करून टाका, स्वस्तात होईल’ हा सल्ला तहसील कचेरीबाहेर सर्रास मिळतो. ज्याचा आधीपासून हिस्सा आहे, त्याच्याच लाभात हक्क सोडता येतो. नवऱ्याच्या स्वकष्टार्जित जमिनीत पत्नीचा आज मालकी हिस्सा नसेल, तर त्या दस्ताने तिचं नाव नव्याने लागत नाही. असा दस्त नोंदवला गेला तरी बँकेच्या पॅनेलवरचे वकील त्यावर बोट ठेवतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

प्रश्न: बक्षीसपत्राला नेमका किती खर्च येतो?

खर्चाचे तीन तुकडे वेगवेगळे मोजा.

पहिला तुकडा मुद्रांक शुल्काचा. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना निवासी किंवा शेतीची मिळकत बक्षीस दिली, तर २०१५ पासून मुद्रांक अवघा २०० रुपये आहे. या सवलतीत न बसणारी मिळकत पती-पत्नी, भाऊ-बहीण किंवा आई-वडील, मुलं, नातवंडं अशा थेट वर-खालच्या नात्यात दिली, तर ३ टक्के. याबाहेरच्या कोणालाही दिली तर खरेदीखताइतका पूर्ण दर, म्हणजे महापालिका हद्दीत मूळ ५ टक्के.

दुसरा तुकडा लोक विसरतात. स्थानिक संस्थेचा १ टक्का अधिभार बक्षीसपत्रालाही लागतो. ग्रामीण भागात तो जिल्हा परिषदेचा, शहरात महापालिकेचा. पुण्यासारख्या मेट्रोच्या शहरात आणखी १ टक्का वाढतो. मुद्रांक २०० रुपये असला तरी हा अधिभार बाजारमूल्यावर लागतो. ‘दोनशे रुपयांत होतं’ असं ऐकून गेलेल्या माणसाच्या हातात वीस-तीस हजारांचं चलन पडतं, ते यामुळे.

तिसरा तुकडा नोंदणी फीचा. सर्वसाधारण दर किमतीच्या १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. २०० रुपयांच्या सवलतीतल्या दस्ताला तिचा आकडा वेगळा असतो, तो चलन काढताना पाहून घ्या. शिवाय दस्ताच्या पानागणिक हाताळणी शुल्क असतं, ते किरकोळ.

हे सगळं तुम्ही सांगाल त्या किमतीवर नाही, शासनाच्या वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यावर, म्हणजे रेडी रेकनरवर ठरतं. नवे दर साधारणपणे १ एप्रिलला लागू होतात. मार्चअखेर आणि एप्रिलचा पहिला आठवडा यांत फरक पडू शकतो, तेव्हा तारीख बघूनच वेळ घ्या.

प्रश्न: एखादं उदाहरण आकड्यांत द्याल का?

महापालिका हद्दीतला प्लॉट समजा, मेट्रो अधिभार नसलेल्या शहरात. रेडी रेकनरप्रमाणे किंमत ४० लाख. नवऱ्याला निम्मा हिस्सा, म्हणजे २० लाखांचा, पत्नीला द्यायचा आहे.

३ टक्क्यांचा दर लागला तर मुद्रांक ६०,०००, अधिभार २०,००० आणि नोंदणी फी २०,०००. एकूण १ लाख. तोच दस्त २०० रुपयांच्या सवलतीत बसला, तर अधिभाराचे २०,००० हाच मोठा खर्च उरतो. आणि तोच हिस्सा खरेदीखताने दिला असता, तर ५ आणि १ मिळून ६ टक्क्यांचे १,२०,००० आणि वर नोंदणी फीचे २०,००० झाले असते.

प्रश्न: मोकळ्या प्लॉटला २०० रुपयांची सवलत मिळते का?

वाद होतो तो इथेच. सवलतीचे शब्द ‘निवासी आणि कृषी मिळकत’ असे आहेत. प्लॉट बिगरशेती झाला म्हणजे तो शेती राहिला नाही, आणि त्यावर घर नाही म्हणून तो निवासीही नाही, असा अर्थ लावून ३ टक्के मागितले जातात. रक्कम मोठी असेल तर अंदाजावर चालू नका. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३१ खाली मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे दस्ताचा मसुदा देऊन अभिनिर्णय मागता येतो. त्याला वेळ लागतो, पण शुल्क किती ते अधिकृतपणे ठरून येतं आणि पुढे कमी भरल्याचा दंड मागे लागत नाही. हा दंड दरमहा २ टक्क्यांनी चढतो, म्हणून ही काळजी.

याच शब्दांमुळे दोन वाटा निघतात. जमीन अजून शेतीच असेल आणि पुढे बिगरशेती करायची असेल, तर बक्षीसपत्र त्याआधी करणं स्वस्त पडतं: सवलत स्पष्ट लागू होते आणि मूल्यांकनही शेतीच्या दराने कमी येतं. दुसरी वाट म्हणजे घर बांधून झाल्यावर हिस्सा द्यायचा. वरच्याच उदाहरणात घरासह किंमत ९० लाख झाली असं धरा. निम्म्या, म्हणजे ४५ लाखांच्या हिश्शावर २०० रुपये मुद्रांक आणि ४५,००० अधिभार. प्लॉट असताना मुद्रांक आणि अधिभार मिळून ८०,००० होत होते. थांबलात तर किंमत दुपटीहून वाढूनही खर्च कमी! अर्थात बँक तोवर थांबायला तयार हवी, आणि कर्ज चालू असताना बँकेची लेखी परवानगी लागेल.

प्रश्न: निम्मा हिस्साच द्यायला हवा का?

नाही. असा कोणताही नियम नाही, आणि खर्च तर हिश्शाच्या प्रमाणातच लागतो. १० टक्के दिले तर ४० लाखांच्या प्लॉटमध्ये शुल्क फक्त ४ लाखांवर. बँकेच्या दृष्टीने सहमालक तो सहमालक, टक्केवारी कितीही असो.

पण हा निर्णय निव्वळ खर्च वाचवण्यासाठी घेऊ नका, असं मला वाटतं. पत्नी पुढची वीस वर्षं निम्मा हप्ता भरणार असेल आणि कागदावर तिचा हिस्सा दहावा असेल, तर ते तिच्यावर अन्याय करणारं आहे. आयकराची वजावटही हिश्शाशी जोडलेली आहे. हिस्सा जो काही ठरेल तो दस्तात टक्क्यांत स्पष्ट लिहा. ‘दोघांच्या नावे’ एवढंच मोघम लिहून ठेवू नका.

प्रश्न: जमीन सासऱ्यांच्या नावावर आहे. मुलगा आणि सून दोघांच्या नावावर करायची आहे.

इथे क्रम चुकला तर मोठा फटका बसतो. सवलतीच्या यादीत मुलगा आहे, मुलगी आहे, मृत मुलाची पत्नी आहे. मुलगा हयात असताना सून नाही. ३ टक्क्यांच्या यादीतही ती नाही. सासऱ्यांनी एकाच दस्ताने दोघांना दिलं, तर सुनेच्या हिश्शाला पूर्ण दर लागतो.

म्हणून दोन दस्त करतात. आधी वडिलांकडून मुलाला, मग मुलाकडून पत्नीला. दोन्ही नाती यादीत बसतात. अधिभार मात्र दोनदा भरावा लागतो, पहिल्यांदा पूर्ण किमतीवर आणि दुसऱ्यांदा दिलेल्या हिश्शावर. दुसऱ्या दस्ताआधी पहिल्याचा फेरफार मंजूर होऊ द्या, म्हणजे सातबारावर मालकाची साखळी नीट दिसते.

वडिलांना हे करायचं नसेल तर त्यांना भरीला घालू नका. काही बँका जमीनमालक वडिलांना कर्जात सहअर्जदार किंवा जामीनदार करून तीच जमीन तारण घेतात. म्हातारपणी स्वतःच्या नावावर जमीन असणं हा त्या माणसाचा आधार असतो.

प्रश्न: तलाठ्याकडे अर्ज देऊन पत्नीचं नाव सातबारावर फुकट लागतं ना?

शेतजमिनीसाठी लक्ष्मी मुक्ती योजना आहे, १९९२ च्या शासन परिपत्रकाची. पतीने स्वेच्छेने अर्ज केला तर पत्नीचं नाव सातबारावर सहधारक म्हणून लागतं, मुद्रांक लागत नाही. योजना चांगली आहे आणि ती अजून बऱ्याच घरांपर्यंत पोचलेली नाही, याचं वाईट वाटतं.

कर्जासाठी मात्र तिच्यावर विसंबू नका. फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही, ती महसुलाच्या कामासाठी असते, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. बँकेचे वकील मालकीचा नोंदणीकृत दस्त मागतात.

प्रश्न: जमीन वडिलोपार्जित आहे, सातबारावर भावांचीही नावं आहेत.

मग आधी भावाबहिणींचा प्रश्न सोडवावा लागेल. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला आपला अविभक्त हिस्सा इतर सहहिस्सेदारांच्या संमतीशिवाय परस्पर बक्षीस देता येत नाही. आधी वाटणीपत्र, किंवा ज्यांना हिस्सा नको त्यांचं तुमच्या लाभात हक्कसोडपत्र. हक्कसोडपत्राची खरी जागा ही. वडिलोपार्जित मिळकतीत जवळच्या नात्यात त्याला नाममात्र मुद्रांक लागतो.

बहिणींचं नाव गाळून घाईने केलेली वाटणी बँकेच्या सर्च रिपोर्टमध्ये उघडी पडते. आणि पडायलाच हवी.

प्रश्न: भोगवटादार वर्ग २ ची जमीन असेल तर?

थांबा. अशा, म्हणजे शासनाने अटींवर दिलेल्या, जमिनीचं हस्तांतरण सक्षम अधिकाऱ्याच्या, सहसा जिल्हाधिकाऱ्यांच्या, परवानगीशिवाय करता येत नाही, आणि त्यासाठी शासनाला भरायच्या नजराण्याचा खर्च मुद्रांकापेक्षा कितीतरी जास्त असू शकतो. बक्षीसपत्र हेही हस्तांतरणच आहे. सातबारावर वर्ग २ किंवा ‘नवीन शर्त’ असं दिसलं तर पहिला अर्ज तहसील कार्यालयात. सिडको, म्हाडा यांच्या भाडेपट्ट्याच्या प्लॉटवरही त्या संस्थेची परवानगी आणि तिचं हस्तांतरण शुल्क आधी विचारा. आदिवासी खातेदाराच्या जमिनीचे निर्बंध तर याहून कडक आहेत.

प्रश्न: प्लॉटवर आधीच कर्ज चालू आहे. नाव लावता येईल का?

बँकेच्या लेखी ना-हरकतीशिवाय नाही. मूळ कागद तिच्याकडे आहेत आणि सातबाराच्या इतर हक्कांत किंवा मिळकत पत्रिकेवर तिचा बोजा आहे. ना-हरकत मिळाली तरी बँक सहसा नव्या सहमालकाला कर्जात घेते आणि कर्जाचे कागद नव्याने करते. त्याचा खर्च वेगळा.

प्रश्न: बँकेच्या बाजूचे खर्च कोणते?

प्रक्रिया शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. वकिलांचा शोध अहवाल, बहुधा तीस वर्षांचा. मूल्यांकन करणाऱ्याची फी.

मग गहाणाचा मुद्रांक. महाराष्ट्रात बहुतेक घरकर्जं मूळ दस्त बँकेत ठेवून होतात. ५ लाखांवरच्या कर्जाला त्याचा दर कर्जाच्या ०.३ टक्के आहे, म्हणजे ४० लाखांच्या कर्जाला १२,००० रुपये. शिवाय या गहाणाची सूचना ३० दिवसांच्या आत निबंधकाकडे दाखल करावी लागते. तिची फी वेगळी. हे राहून गेलं तर कायद्यात शिक्षेची तरतूद आहे, म्हणून ‘बँक बघून घेईल’ म्हणून सोडून देऊ नका, पावती मागून घ्या. केंद्रीय तारण नोंदणीचं, म्हणजे सरसाईचं, शुल्क ५ लाखांवरच्या कर्जाला १०० रुपये आणि जीएसटी. यापेक्षा फार मोठा आकडा त्या नावाखाली दिसला तर विचारा.

हे सगळे खर्च जमीन एकाच्या नावावर असली तरी येणारच. ते आणि नाव लावण्याचा खर्च एकत्र मिसळू नका, नाहीतर कशाला किती लागलं ते कळतच नाही.

प्रश्न: आयकराचं काय?

पती-पत्नी, आई-वडील, मुलं, भावंडं यांच्याकडून मिळालेल्या बक्षिसावर घेणाऱ्याला आयकर नाही, आणि देणाऱ्याला भांडवली नफाही धरला जात नाही. लग्न न झालेल्या जोडीदाराला मात्र हे लागू होत नाही: मुद्रांक पूर्ण दराने, आणि मिळकतीचं मूल्य ५०,००० रुपयांच्या वर असल्याने घेणाऱ्यावर आयकरही.

जुन्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावर प्रत्येक सहमालकाला २ लाख रुपयांपर्यंत व्याजाची वजावट मिळते. अट अशी की तो सहमालकही हवा आणि सहकर्जदारही, आणि हप्ते खरंच त्याच्या पैशातून जायला हवेत. नव्या प्रणालीत स्वतःच्या राहत्या घराला ही वजावट नाही. दोघंही नव्या प्रणालीत असाल, तर ‘कर वाचेल म्हणून नाव लावा’ या सल्ल्याला काही अर्थ उरत नाही.

आणखी एक. पत्नीला विनामोबदला दिलेल्या मिळकतीतून भाडं आलं, तर तिच्या वाट्याचं भाडं पतीच्याच उत्पन्नात धरलं जातं.

प्रश्न: पुढे आमचं पटलं नाही, किंवा एकाचं बरंवाईट झालं तर?

नोंदवलेलं आणि स्वीकारलेलं बक्षीसपत्र मनात आलं म्हणून परत घेता येत नाही. कर्ज फिटलं तरी हिस्सा ज्याला दिला त्याचाच राहतो. आणि दोघं कर्जदार असाल तर बँक पूर्ण थकबाकी कोणाकडूनही मागू शकते, हिस्सा दहा टक्के असला तरी.

दोघांच्या नावावर आहे म्हणजे एकाच्या पश्चात सगळं आपोआप दुसऱ्याचं, असा समज फार घट्ट बसलेला आहे. हिस्से ठरवून दिलेल्या मिळकतीत असं होत नाही. गेलेल्या माणसाचा हिस्सा त्याच्या सगळ्या वारसांकडे जातो. हिंदू पुरुषाच्या बाबतीत त्याची आईही पहिल्या वर्गाची वारस असते. दुसऱ्याला घर निर्वेध मिळावं असं वाटत असेल तर दोघांनीही मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही, तरी नोंदवलेलं बरं.

प्रश्न: प्रत्यक्षात काम कोणत्या क्रमाने करायचं?

बँकेचं लेखी उत्तर, मग ताजा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मग रेडी रेकनरने मूल्यांकन. मसुदा वकिलाकडून करून घ्या आणि फी आधी ठरवा. टक्केवारीत फी मागितली तर ठोक रकमेवर या, कारण जमीन महाग असली म्हणून दस्ताची पानं वाढत नाहीत. मग मसुदा बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांना नोंदणीआधी दाखवा. एवढं केलं तर चूकदुरुस्ती दस्ताची वेळ सहसा येत नाही.

त्यानंतर ऑनलाइन माहिती भरणं, चलन, वेळ घेणं, आणि दोघांनी दोन साक्षीदारांसह निबंधकापुढे हजर राहणं. नोंदणी झाली की इंडेक्स २, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा अधिकृत गोषवारा, लगेच घ्या. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो. त्यावर दुसरं नाव आणि हिस्सा बरोबर आला आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. नावातली एका अक्षराची चूकही बँकेत प्रतिज्ञापत्र मागते.

प्रश्न: कर्ज फिटल्यावर काही खर्च असतो का?

किरकोळ असतो, पण काम टाळू नका. बँकेकडून ना-देय दाखला घ्या, सातबारावरचा किंवा मिळकत पत्रिकेवरचा बोजा कमी करण्यासाठी अर्ज द्या आणि सरसाईवरची नोंद बंद झाली का पाहा. रिझर्व्ह बँकेच्या १ डिसेंबर २०२३ पासूनच्या नियमाप्रमाणे पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत मिळाले पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला मिळते. कागद घ्यायला दोघांनीही जा, आणि मूळ खरेदीखताबरोबर बक्षीसपत्रही हातात पडलं आहे ना, ते काउंटरवरच तपासा.